आधी अपेक्षा, मग खेळ : वऱ्हाडातील एका शाळेचे शारीरिक शिक्षणाचे नियोजन

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात ज्या गावी मी शिकवते, तेथील जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळेचा पट शंभराच्या आत आहे. पटाचा उल्लेख आरंभीच करण्याचे कारण असे की, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण या विषयांचे अंशकालीन निदेशक मिळण्यास विद्यार्थी शंभराहून अधिक असावे लागतात. आमच्यासारख्या शाळेत त्यामुळे हा विषय उपलब्ध शिक्षकांपैकीच कोणीतरी सांभाळतो. मी मूळची गणित-विज्ञानाची शिक्षिका आहे, शारीरिक शिक्षणाची पदवी माझ्याकडे नाही. तरीही मुख्याध्यापकांकडे हा विषय मी स्वतः मागितला, कारण आठवड्यातील ज्या तासिकांची मुले सर्वांत अधिक वाट पाहतात, त्याच तासिकांचे नियोजन सर्वांत थोडक्या शब्दांत उरकलेले मला दिसत होते.

ते जुने नियोजन म्हणजे महिन्यांपुढे लिहिलेली खेळांची नावे होती : जुलैत कवायत, ऑगस्टमध्ये लंगडी, सप्टेंबरमध्ये कबड्डी, त्यानंतर खो-खो आणि मग स्पर्धेची तयारी. गणिताच्या नियोजनात आपण ‘अपूर्णांक’ असे लिहितो, तेव्हा सहावीच्या मुलाने कोठवर जायचे आणि आठवीच्या मुलाने त्यापुढे काय करायचे, हे ठरलेले असते. कबड्डीच्या बाबतीत मात्र तिन्ही वर्गांच्या रकान्यांत तोच एक शब्द होता. सहावीत कबड्डी खेळलेले मूल आठवीत पुन्हा कबड्डी खेळते, तेव्हा त्याला अधिक काय यायला हवे, या प्रश्नाचे उत्तर कागदावर कोठेही नव्हते. पुढील सगळे काम या एका प्रश्नातून निघाले.

उत्तर शोधताना पहिला आधार मिळाला तो २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचा. त्यात शारीरिक शिक्षण व स्वास्थ्य हे स्वतंत्र अभ्यासक्षेत्र मानले असून त्याची ध्येये आणि क्षमता इतर विषयांप्रमाणेच मांडलेल्या आहेत. दुसरा आधार परदेशातला होता. अमेरिकेतील शारीरिक शिक्षकांची ‘शेप अमेरिका’ ही संघटना या विषयाची राष्ट्रीय मानके प्रसिद्ध करते. पूर्वी ती पाच होती, २०२४ च्या सुधारणेत ती चार झाली. विविध हालचालींची कौशल्ये विकसित होणे, हालचाल व तंदुरुस्ती यांविषयीचे ज्ञान प्रत्यक्ष वापरता येणे, हालचालींतून सामाजिक कौशल्ये येणे, आणि शारीरिक हालचालीचे स्वतःला होणारे लाभ ओळखून ती आपणहून निवडणे, असा त्या चार मानकांचा आशय आहे. मला ही मांडणी उपयोगी वाटली, कारण तिच्यात एकाही खेळाचे नाव नाही. खेळ कोणताही घ्या, मुलाच्या ठिकाणी काय घडले पाहिजे तेवढेच ती सांगते, आणि म्हणूनच व्यायामशाळा नसलेल्या, काळ्या मातीच्या मैदानावरही ती लागू करता येते.

मानके इतकी व्यापक असतात की ती जशीच्या तशी टाचणात उतरवली तर ती शोभेची वाक्ये होतात. मी प्रत्येक मानकातून एकच धागा घेतला आणि तो तीन वर्गांतून चढता नेला. उदाहरणार्थ, ज्ञान वापरण्याच्या मानकातून ‘रिकामी जागा’ हा धागा घेतला. सहावीच्या मुलाला खेळ थांबवून विचारल्यावर मैदानावरील रिकामी जागा दाखवता यावी. सातवीच्या मुलाने खेळ चालू असताना त्या जागेत धावावे किंवा चेंडू तिथे टाकावा. आठवीच्या मुलाने प्रतिस्पर्ध्याला एका बाजूला ओढून दुसरीकडे जागा निर्माण करावी. या तीन वाक्यांनी माझे बरेच काम सोपे केले. ती कबड्डीला लागू पडतात, हँडबॉलला पडतात आणि दोरीवरून चेंडू टाकण्याच्या खेळालाही पडतात. शिवाय एखादे मूल कोणत्या पायरीवर आहे, हे कडेला उभे राहून पाहता येते. सामाजिक कौशल्यांच्या मानकातून ‘निर्णय मान्य करणे’ हा धागा घेतला : सहावीत पंचाचा निर्णय स्वीकारणे, सातवीत पंचाशिवाय खेळून आपला बाद आपण सांगणे, आठवीत धाकट्या वर्गाच्या खेळाचे पंच होणे.

आता या अपेक्षांपर्यंत कोणत्या खेळांतून पोहोचायचे, हे ठरवायचे होते. अमरावतीला शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षण घेतलेले शेजारच्या केंद्रातील, म्हणजे शेजारच्या शाळागटातील, एक सर आहेत. त्यांनी मला खेळांच्या प्रकारांची एक मांडणी समजावून दिली. इंग्लंडमधील लाफबरो येथील डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ मध्ये खेळ शिकवण्याची वेगळी रीत मांडली. तंत्र सुटे करून आधी घोटायचे आणि खेळ शेवटी खेळवायचा, या पद्धतीत मुलांना तंत्र येते. पण प्रत्यक्ष खेळात ते केव्हा वापरायचे हे समजत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणून त्यांनी क्रम उलटा केला : आधी सोपा केलेला खेळ, त्यातून निर्माण होणारा प्रश्न, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी लागेल ते तंत्र. या विचाराबरोबर खेळांचे चार गट रूढ झाले. पहिला गट लक्ष्यवेधाचा. दुसरा फटका आणि क्षेत्ररक्षणाचा. तिसरा जाळीच्या किंवा भिंतीच्या आधाराने खेळायचा. चौथा प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात घुसून गोल किंवा गुण करण्याचा. एका गटातील खेळांचे डावपेच सारखे असल्याने एका खेळात शिकलेले दुसऱ्यात उपयोगी पडते, हे या वर्गीकरणाचे खरे मोल आहे.

आमच्या मुलांचे खेळ मी या चार गटांत बसवू लागले. कंचे, म्हणजे गोट्या, निःसंशय लक्ष्यवेधाचे. विटी-दांडू फटका आणि क्षेत्ररक्षणाच्या गटात इतका चपखल बसतो की, त्यासाठी बॅट-बॉल विकत आणण्याची गरज नाही. लगोरीत लक्ष्यवेधही आहे आणि चेंडू चुकवत लगोऱ्या रचणेही आहे. पण लंगडी, खो-खो, आट्यापाट्या, झाडावरची डाबडुबली, या खेळांना चारही गटांत जागा मिळेना. कबड्डीला चढाईमुळे चौथ्या गटात बसवता येते, परंतु तिथेही ती अवघडूनच बसते, कारण चढाई करणाऱ्याला तिथे चेंडू न्यायचा नसतो, कोणाला तरी शिवून परत यायचे असते. चारही गटांच्या मुळाशी चेंडू किंवा तसे काहीतरी साधन गृहीत धरलेले आहे, असे मला या प्रयत्नात जाणवले. आमच्या या खेळांत साधनच नाही. आहे ते शरीर, अंतर आणि क्षण. म्हणून मी पाठलाग व हुलकावणीचा पाचवा गट केला आणि संपूर्ण नियोजनाचा पाया त्याच गटावर ठेवला.

हा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याचे कारण स्वाभिमानाहून अधिक व्यावहारिक आहे. आमच्या गावातले मूल सहावीत येते तेव्हा त्याने चेंडू फार हाताळलेला नसतो, परंतु पाठलागाचे खेळ तो वर्षानुवर्षे खेळत आलेला असतो. दिशा बदलणे, वेग अचानक तोडणे, समोरच्याचा तोल कोणत्या पायावर आहे ते ओळखणे, या गोष्टी त्याच्या अंगात मुरलेल्या असतात. हँडबॉल किंवा फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्यापासून सुटून मोकळे होणे आणि प्रतिस्पर्ध्याला मोकळे होऊ न देणे, हे मुळात याच कौशल्यांवर चालते. मुलाला जे येते तेथून सुरुवात करून जे येत नाही तिकडे जाणे, हे गणितात आपण करतोच. शिवाय हे खेळ कमी प्रतीचे मानण्याचे काहीही कारण नाही. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. कबड्डी १९९० पासून आशियाई क्रीडा स्पर्धांत आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले.

यानंतर वर्षाचा क्रम लावायचा होता. खेळांच्या या विचारात लक्ष्यवेधाचे खेळ डावपेचांच्या दृष्टीने सर्वांत सोपे आणि घुसखोरीचे सर्वांत गुंतागुंतीचे मानले जातात, कारण पहिल्यात प्रतिस्पर्धी आपल्याला अडवत नाही आणि शेवटच्यात सर्व जण एकाच वेळी एकाच जागेत धावत असतात. शिकवण्याचा क्रम त्यामुळे लक्ष्यवेध, फटका, जाळी, घुसखोरी असा सुचतो. पण विदर्भातल्या शाळेचे वर्ष ऋतूंनी आणि शेतीने बांधलेले आहे. आमच्याकडे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात. लगेच पावसाळा लागतो आणि काळ्या मातीचे मैदान असे चिकट होते की धावणे अशक्य होते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये व्हरांड्यात आणि ध्वजाजवळ मुरूम टाकलेल्या पट्ट्यावर जे होईल तेच ठेवावे लागते. लक्ष्यवेधाचे खेळ या जागेत उत्तम होतात, म्हणजे पहिली पायरी ऋतूने आपोआपच जुळवून दिली. तोल, लवचिकता आणि आसनेही याच काळात घेतली.

पोळ्यानंतर मैदान वाळू लागते, तेव्हा पाठलागाचा गट सुरू केला. सोयाबीनच्या सोंगणीपासून कापसाच्या वेचणीपर्यंत वरच्या वर्गांची हजेरी कमी-जास्त होत राहते. मोठी मुले-मुली आईवडिलांबरोबर वावरात जातात. हे योग्य नाही आणि त्यासाठी पालकांशी आमचे बोलणे चालूच असते, तथापि नियोजन करताना डोळ्यांसमोर आहे ते नाकारून चालत नाही. दोन्हीकडे पूर्ण संघ लागणारा घटक या महिन्यांत ठेवला, तर तो वारंवार मोडतो. म्हणून दिवाळीनंतर जाळीचे खेळ घेतले, कारण ते दोघा-दोघांत होतात आणि चार मुले आली तरी तास पूर्ण होतो. घुसखोरीचे खेळ डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी या थंडीच्या काळात ठेवले, कारण त्यांत धावणे सर्वांत जास्त आहे. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की ऊन चढण्याच्या आत पहिल्याच तासिकेला विटी-दांडू आणि फटक्याचे इतर खेळ घ्यायचे, कारण त्यांत मुले आलटून पालटून झाडाच्या सावलीत थांबू शकतात. आमच्याकडचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना याचे अधिक स्पष्टीकरण लागणार नाही. क्रम त्यामुळे पुस्तकातल्यापेक्षा वेगळा झाला, तरी प्रत्येक गटाच्या आधी त्याला लागणारी पूर्वतयारी झालेली आहे ना, एवढे मी तपासून पाहिले.

एक घटक सविस्तर सांगते. सातवीच्या खो-खोसाठी अपेक्षा लिहिली होती : ‘खो केव्हा द्यायचा याचा निर्णय धावकाच्या हालचालीवरून घेतो.’ खो-खोच्या पूर्ण मैदानाची लांबी २७ मीटर व रुंदी १६ मीटर असते, आठ गडी पाटीवर बसतात आणि नववा पाठलाग करतो. एवढ्या पसाऱ्यात शिकणाऱ्या मुलाला नेमके काय पाहायचे ते कळत नाही. मी मैदान निम्मे केले, चारच गडी बसवले आणि एकच धावक आत सोडला. सुरुवातीला अपेक्षेप्रमाणे पाठलाग करणारा स्वतःच धावकाला पकडू पाहत होता. पण पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही, धावकाला मात्र दोन्ही गोष्टींची मुभा आहे. त्यामुळे एकट्याच्या धावण्याने हा खेळ जिंकता येत नाही, हे मुलांना स्वतःला उमगायला हवे होते. मग मी एक नियम वाढवला : बसलेल्या दोन गड्यांच्या पुढे जाण्याआधी खो दिलाच पाहिजे. खेळाचा वेग एकदम पालटला. थोड्या वेळाने खेळ थांबवून मी विचारले की, धावक आता का दमतो आहे? एका मुलीने उत्तर दिले, “तो वळला की लगेच खो द्याले पाह्यजे, मॅडम. आपण पाहत राह्यलो की तो तिकडं निंगून जाते.” घटकाची अपेक्षा तिने माझ्याहून नेमक्या शब्दांत सांगितली होती. त्यानंतर मी तो वाढीव नियम काढून घेतला आणि मुले तो नसतानाही वेळेवर खो देतात का, ते पाहिले. खो देताना उठायचे कसे, पहिले पाऊल कोणते टाकायचे, हे तंत्र मी त्यानंतर शिकवले, आणि आता मुले ते लक्ष देऊन शिकत होती, कारण ते कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक होते.

जाळीच्या घटकात हेच तत्त्व मैदानाच्या आकारातून आणले. कडुलिंबापासून खांबापर्यंत दोरी बांधून तिच्यावर जुने लुगडे टाकले की जाळी तयार होते. मैदान फक्कीने लांब आणि अरुंद आखले, म्हणजे आडवी जागा कमी पडते आणि प्रतिस्पर्ध्याला पुढे-मागे पळवण्याशिवाय गुण मिळत नाही. रिकाम्या जागेचा तोच धागा येथे मुलांनी ओळखला, हे विशेष. सहावीत लक्ष्यवेधाच्या वेळी ‘जागा दाखव’ म्हटल्यावर बोट दाखवणारी मुले येथे न सांगता पाठच्या रेषेजवळ चेंडू टाकू लागली.

मूल्यमापनाचा भाग मला सर्वांत अवघड वाटत होता. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात आणि शारीरिक शिक्षणाच्या रकान्यात ‘खेळात आवडीने भाग घेतो’ हे वाक्य बहुतेक सर्व मुलांच्या नावापुढे लिहिले जाते. त्या वाक्यातून मुलाच्या पुढच्या शिक्षकाला काहीही कळत नाही. खेळातील कामगिरी पाहण्याचे एक साधन १९९८ मध्ये ऑस्लिन, मिचेल आणि ग्रिफिन यांनी मांडले आहे. चेंडू जवळ नसताना मूल काय करते, हेही त्यात पाहिले जाते. त्यातील अनेक घटकांपैकी मी दोनच घेतले : निर्णय योग्य होता का, आणि सोबत्याला मदत होईल अशा जागी मूल गेले का. एक जोडी खेळत असताना दुसरी जोडी कागदावर काड्या पाडते आणि मग अदलाबदल होते. मुलांच्या नोंदी आणि माझ्या नोंदी कमी ठिकाणी भिन्न निघतात, आणि जिथे त्या भिन्न असतात तिथे चांगली चर्चा होते. आता माझ्या नोंदवहीत ‘जागा ओळखतो, पण पास देण्यास उशीर करतो’ अशी वाक्ये असतात.

खेलो इंडियाच्या शालेय तंदुरुस्ती चाचण्या, म्हणजे ५० मीटर धावणे, ६०० मीटर धावणे-चालणे, बसून पुढे वाकणे वगैरे, मी वर्षाच्या सुरुवातीला व शेवटी घेतल्या. परंतु त्यांवरून श्रेणी दिली नाही. या वयात मुलांची उंची झपाट्याने वाढते आणि ५० मीटरची वेळ शिकवण्यावाचूनही सुधारते. त्याचे श्रेय शिक्षकाने घेऊ नये आणि ज्याची वाढ उशिरा होणार आहे त्या मुलाला त्याचा दोषही लागू नये. या चाचण्या मुलाला त्याच्या स्वतःच्या आधीच्या नोंदीशी ताडून दाखवण्यापुरत्या वापराव्यात, असे माझे ठाम मत आहे.

मुलींविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. सातवी-आठवीत अनेक मुली खेळाच्या तासाला कडेला बसू लागतात आणि त्याला ‘आवड नाही’ असे नाव दिले जाते. चौथे मानक, म्हणजे हालचाल आपणहून निवडणे, डोळ्यांसमोर ठेवले तर याच मुली त्याच्या केंद्रस्थानी येतात, कारण आठवीनंतर त्यांच्या आयुष्यात खेळाची तासिका राहील की नाही याची शाश्वती नसते. मी दोन व्यवस्था केल्या. चार-चार जणांचे मिश्र संघ ठेवले, म्हणजे चेंडूपासून दूर राहून वेळ काढणे कोणालाच शक्य होत नाही. आणि कोणत्याही दिवशी कोणत्याही विद्यार्थ्याला, मुलगा असो वा मुलगी, कारण न सांगता निरीक्षकाची भूमिका निवडता येईल असे ठरवले. पाळीच्या दिवसांत मुलींना काही सांगावे लागत नाही, त्या तासिकेबाहेर पडत नाहीत आणि नोंदीचे काम खऱ्या अर्थाने करतात. दुसऱ्या दिवशी त्या मैदानात येतात, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत हे नियोजन मांडले तेव्हा एका अनुभवी सरांनी शंका घेतली की, हिवाळ्यातील केंद्रस्तरीय स्पर्धांत कबड्डी व खो-खोच होतात. मग जाळीच्या आणि लक्ष्यवेधाच्या खेळांत इतके आठवडे घालवून संघाची तयारी कधी करायची? शंका रास्त होती. माझे उत्तर असे होते की, स्पर्धेचा संघ शाळेतील थोड्या मुलांचा असतो आणि त्याचा सराव शाळेपूर्वी किंवा शाळेनंतर होऊ शकतो; वेळापत्रकातील तासिका मात्र पटावरील प्रत्येक मुलाची आहे. आमच्या संघाचा सराव परिपाठाआधी होतो आणि पाठलागाचा गट सप्टेंबरमध्येच झालेला असल्याने त्यांना नव्याने सुरुवात करावी लागत नाही. सरांचे पूर्ण समाधान झाले असे मी म्हणणार नाही, परंतु त्यांनी आपल्या शाळेसाठी पाठलागाच्या गटाचे घटक नियोजन मागून नेले.

येत्या सत्रासाठी दोन बदल करणार आहे. आट्यापाट्या यंदा सहावीपुरत्याच घेतल्या होत्या. पाटी धरणाऱ्याने धावकाला कोणत्या बाजूला वळवायचे, हा डावपेच आठवीच्या ‘जागा निर्माण करणे’ या अपेक्षेसाठी फार पोषक आहे, म्हणून तो खेळ आठवीत घुसखोरीच्या गटाच्या लगेच आधी ठेवणार आहे. दुसरे असे की, चौथ्या मानकाची नोंद आजवर मी तासिकेतच शोधत होते. दिवाळीच्या सुट्टीत मुले गावात काय खेळली, कोणाबरोबर खेळली आणि तो खेळ कोणी सुचवला, हे त्यांनी एका पानावर लिहून आणायचे, असे आता ठरवले आहे, आणि त्या पानांची जागा नोंदवहीत आताच करून ठेवली आहे.